सिमेंटच्या कार्बनवर पण बोला की

संपादक साहेब,

घोडबंदर रोडला टॉवर चढतायत आणि मध्ये आरएमसीचे (तयार काँक्रीटचे) मिक्सर, धुळीवर तुमच्याकडे पत्रं येतात पण सिमेंट बनतानाच केवढा कार्बन हवेत जातो त्यावर कोणी बोलत नाही. जगाच्या कार्बन डायऑक्साइडपैकी साधारण 7-8 टक्के एकट्या सिमेंटचा. आणि हा सगळा कोळशाचा नाही बरं का, चुनखडी भट्टीत तापवून 1450 डिग्रीला क्लिंकर, म्हणजे दळून सिमेंट होतं ते खडे, करतात ना, त्यात निम्म्याहून जास्त गॅस दगडातूनच सुटतो, म्हणजे भट्टी उद्या सोलरवर चालवली तरी तो सुटणारच.

मग क्लिंकर कमी वापरा! पीपीसी नावाच्या सिमेंटमध्ये 35 टक्क्यांपर्यंत फ्लाय ॲश (वीज केंद्रातली कोळशाची राख) चालते, स्लॅग सिमेंटमध्ये 70 टक्क्यांपर्यंत स्लॅग (लोखंडाच्या भट्टीतली मळी), शिवाय भाजलेली माती आणि चुनखडीची पूड घातलेलं एलसी3 नावाचं सिमेंट, त्यात क्लिंकर निम्माच आणि 2023 पासून त्याला बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) स्टँडर्डही आहे.

आमच्या रिडेव्हलपमेंटच्या मीटिंगमध्ये विचारलं तर कॉन्ट्रॅक्टर म्हणे, "काका, 53 ग्रेडच बरं, बाकीचं टाइम खातं." 53 ग्रेड म्हणजे जवळपास सगळं क्लिंकरच असलेलं साधं सिमेंट. टाइमचं खरंय, सेंटरिंग (स्लॅबखालचा तात्पुरता आधार) थोडं उशिरा काढावं लागतं, पाणी जास्त दिवस मारावं लागतं, पण स्ट्रेंथ पुढे भरून येते आणि खाडीच्या खाऱ्या हवेत स्लॅगवालं सळ्या उलट जास्त टिकवतं. घाई असते ती स्लॅब टाकून झाल्यावर मिळणाऱ्या हप्त्याची!

घरं तर लागणारच, बांधू नका असं कोण म्हणेल? पण महापालिका आणि सिडकोने निदान स्वतःच्या टेंडरमध्ये तरी क्लिंकरची मर्यादा टाकावी.

- एक वाचक, ठाणे (प.)