जुन्या आउटबोर्ड मोटरचा दुरुस्ती संच : सदोष भाग आणि चुकीच्या माहितीपत्रकाबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : दोन सिलिंडरच्या जुन्या टू-स्ट्रोक आउटबोर्ड मोटरसाठी (होडीच्या मागे लावायच्या इंजिनासाठी) घेतलेला ‘संपूर्ण दुरुस्ती संच’ सदोष असणे, आणि ‘बसवताना चूक झाली’ हा आपला खुलासा अमान्य असणे.

महोदय / महोदया,

आपल्या कॅटलॉगमध्ये आमच्या मोटरच्या मॉडेलसमोर जो संच छापला आहे, तोच आम्ही मागवला होता. त्यात मॅग्नेटोचे (ठिणगीसाठी वीज तयार करणाऱ्या भागाचे) पॉइंट, कंडेन्सर आणि कॉइल, कार्ब्युरेटरचा संच, पाण्याच्या पंपाचा इम्पेलर (पंखांचे रबरी चाक), गिअरबॉक्सची सीले, शिअर पिना आणि एक माहितीपत्रक होते. पहिल्या तक्रारीला आपल्याकडून दोन ओळींचे उत्तर आले : भाग बसवताना चूक झाली असल्यास वॉरंटी लागू होत नाही. चूक कोणत्या भागात झाली आणि ती आपण कशावरून ठरवली, याबद्दल त्यात अवाक्षर नाही. म्हणून या वेळी मापांसकट लिहीत आहोत. फोटो व बिलाची प्रत सोबत जोडली आहे.

आधी इम्पेलर. आमच्या पंपाच्या कपाची आतली खोली व्हर्नियरवर १६.० मि.मी. भरते. आपल्या इम्पेलरची पंखांपाशी उंची १५.१ मि.मी. आहे. रबरी इम्पेलर कपात वर-खाली किंचित दाबून बसायला हवा. येथे उलट जवळजवळ एक मिलिमीटरची फट राहते आणि पाणी पुढे ढकलले जाण्याऐवजी पंखांच्या वरून मागे फिरते. मोटर पिंपात, अँटी-कॅव्हिटेशन प्लेट (प्रोपेलरच्या वरची आडवी पट्टी) बुडेल एवढ्या पाण्यात चालवली, तर आयडलवर, म्हणजे थ्रॉटल न देता सर्वांत मंद वेगाला, थंड करणारे पाणी फिरते की नाही ते दाखवणाऱ्या तपासणी भोकातून थेंबही येत नाही. थ्रॉटल वाढवले की धार व्यवस्थित सुरू होते आणि पुन्हा कमी केले की बंद पडते. दोष कुठे आहे ते एवढ्यावरूनच ओळखता येते. कमी वेगाला हा पंप पंखांच्या कप्प्यांत पाणी कोंडून ढकलतो, त्यामुळे फट असेल तर तो पाणी उचलतच नाही. जास्त वेगाला पंख वाकून कपाच्या भिंतीपासून सुटतात आणि पंप केंद्रोत्सारी पद्धतीने चालतो, तेव्हा तीच फट झाकली जाते. धोका नेमका यातच आहे. पिंपात थ्रॉटल देऊन धार पाहिली की माणूस निश्चिंत होतो, आणि पुढे पाण्यात मंद वेगाने बराच वेळ चालवताना हेड तापून गॅस्केट जाते.

पंख उलटे बसवले असावेत, असे आपल्या प्रतिनिधीने फोनवर सुचवले. या मोटरचा ड्राइव्ह शाफ्ट वरून पाहिल्यास घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो. कप खाली दाबताना शाफ्ट त्याच दिशेने फिरवत राहिले की पंखांची टोके फिरण्याच्या उलट बाजूला वळतात. जोडलेल्या फोटोत ती तशीच वळलेली दिसतात. चावी (इम्पेलर शाफ्टला जखडणारा छोटा तुकडा) जागेवर आहे, खालची स्टील प्लेट गुळगुळीत आहे, पाण्याच्या नळीचा ग्रोमेट नवा असून पूर्ण बसला आहे. शेवटी त्याच कपात, त्याच प्लेटवर, त्याच चावीवर दुसऱ्या बनावटीचा, १६.२ मि.मी. उंचीचा इम्पेलर घातला आणि आयडललाच पाणी सुरू झाले. बदलला तो फक्त इम्पेलर. मग चूक बसवणाऱ्याची कशी?

आता माहितीपत्रक. आमच्या मते हा सर्वांत गंभीर भाग आहे, कारण सदोष भाग एका मोटरचे नुकसान करतो, तर हे पत्रक संच घेणाऱ्या प्रत्येकाकडे जाते.

त्यात पॉइंटची (ठिणगीसाठी उघडझाप करणाऱ्या संपर्कांची) फट ०.०२० मि.मी. ठेवावी, असे छापले आहे. हा आकडा मुळात इंचांतला आहे. ०.०२० इंच म्हणजे साधारण ०.५ मि.मी. एकक बदलले आणि आकडा तसाच राहिला, असे दिसते. ०.०२ मि.मी.चे फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) धरून फट लावली तर पॉइंट उघडल्यासारखे उघडतच नाहीत. ठिणगी येत नाही आणि दोष कॉइलला दिला जातो. फट मोजताना पॉइंटचा रबिंग ब्लॉक कॅमच्या सर्वांत उंच भागावर असावा, हेही पत्रकात कुठे नाही.

पेट्रोलमध्ये तेलाचे प्रमाण ५०:१ दिले आहे. या मोटरच्या क्रँकशाफ्टला कांस्याचे साधे बुश (शाफ्ट ज्यात फिरतो त्या नळ्या) आहेत, नीडल बेअरिंग नाहीत. अशा मोटरला निदान २४:१ लागते, आणि टाकीवरच्या मूळ पट्टीवर तेच लिहिलेले आहे. २४:१ म्हणजे लिटरला सुमारे ४२ मिली तेल, तर ५०:१ म्हणजे लिटरला २० मिली. निम्म्याहून कमी तेलावर बुश कोरडा पडतो, शाफ्टवर चरे उठतात, क्रँककेसची हवाबंदी जाते, आणि मग मोटर नीट सुरूही होत नाही. टू-स्ट्रोकमध्ये बुशला मिळणारे सगळे तेल पेट्रोलमधूनच येते, वेगळे तेल घालायची सोय नसते. नव्या मोटरचे प्रमाण जुन्या मोटरच्या कागदावर कोणी आणि का उतरवले, हे आपणच शोधावे.

तिसरी सूचना अशी : फ्लायव्हील निघत नसल्यास नट सैल करून शाफ्टच्या टोकावर हातोडीने ठोकावे. असे केल्याने शाफ्टचे आटे चेपतात आणि फ्लायव्हीलमधल्या जुन्या चुंबकांची ताकदही धक्क्याने कमी होऊ शकते. फ्लायव्हीलच्या मध्यभागी आट्यांची तीन भोके असतात, ती बोल्टने जोडायच्या पुलरसाठीच (फ्लायव्हील ओढून काढायच्या साधनासाठीच). कडेला पकडणारा पुलर तर नकोच, त्याने फ्लायव्हील वाकते. परत बसवताना टेपरवर (शाफ्टच्या निमुळत्या भागावर) ग्रीस-तेल नसावे आणि चावी अर्धवट कापली गेलेली नाही ना ते पाहावे, कारण चावी जराशी सरकली तरी टायमिंग चुकते. पत्रकात यातले काही नाही, नट किती घट्ट करायचा तो टॉर्कही नाही.

कंडेन्सर दोन आले. या मॅग्नेटोला ०.१८ ते ०.२२ मायक्रोफॅरडचा लागतो. एक ०.२१ भरला, तो ठीक आहे. दुसरा ०.३४ भरला आणि गरम केल्यावर त्यातून वीज गळू लागली. त्या सिलिंडरच्या पॉइंटवर निळसर ठिणगी सतत दिसत होती आणि मोटर तापली की तो सिलिंडर बंद पडत होता. कंडेन्सर बदलल्यावर मोकळ्या हवेत ६ मि.मी. फटीवरून ठिणगी उडाली, म्हणजे कॉइल चांगली आहे. कॉइलबद्दल आमची तक्रार नाहीच. दोन्ही नीट वार्निश केलेल्या आहेत. गिअरबॉक्सची सीलेही चांगली निघाली. १० पीएसआय दाबाने हवा भरून ठेवली, काटा हलला नाही. जे बरे आहे ते बरेच म्हणायला हवे.

कार्ब्युरेटर संचाच्या पाकिटावर ‘इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला चालेल’ असे लिहिले आहे, पण आत बुचाचा फ्लोट (पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता भाग) असून त्यावर शेलॅकसारखा मुलामा आहे. अशा पेट्रोलमध्ये हा मुलामा विरघळून चिकट होतो, बूच पेट्रोल पिते, फ्लोट जड होऊन नीडल बंद करत नाही आणि कार्ब्युरेटर भरून वाहतो. भिजवून ठेवल्यावर आपल्या फ्लोटचे हेच झाले. चिकट झालेला फ्लोट डबीत घालून पाठवत आहोत.

शिअर पिनचा व्यास बरोबर आहे, पण तिच्यावर कानस चालत नाही, नुसती सरकते. कठीण केलेली पोलादी पिन या जागी काय कामाची? प्रोपेलर दगडावर आदळला की आधी पिन तुटावी, यासाठीच ती नरम धातूची असते. ती तुटली नाही तर गिअरचे दात तुटतात. एवढ्याशा पिनेपायी अख्खा गिअरबॉक्स उघडावा लागतो. ड्रेन व लेव्हल स्क्रूचे वॉशर यादीत आहेत, पाकिटात नाहीत. जुने वॉशर परत वापरले की तेलात पाणी शिरून ते दुधाळ होते, म्हणून आम्हाला ते वेगळे आणावे लागले.

आमच्या मागण्या अशा आहेत. १६ मि.मी. खोलीच्या कपाला चालेल असा इम्पेलर, पाठवण्याआधी उंची मोजून, द्यावा. कंडेन्सर, इथेनॉल सोसणारा फ्लोट, योग्य धातूच्या पिना आणि राहिलेले वॉशर विनामूल्य पाठवावेत. हे देता येत नसेल तर संचाची पूर्ण रक्कम व परत पाठवण्याचा खर्च द्यावा. माहितीपत्रक मागे घेऊन दुरुस्त प्रत, हा संच नेलेल्या सगळ्या ग्राहकांना कळवावी. या शेवटच्या मागणीत तडजोड नाही. आमचे पैसे परत केले आणि पत्रक तसेच ठेवले, तर तक्रार मिटली असे आम्ही मानणार नाही.

आणि ‘बसवताना चूक’ हे पुन्हा लिहायचे असेल, तर कोणत्या भागात कोणती चूक आणि आपल्या तंत्रज्ञाने कोणते माप घेतले, हे लिहावे. आपल्या संचातला सदोष इम्पेलर, कंडेन्सर, फ्लोट आणि पिन आपल्याला मोजता याव्यात म्हणून पाठवत आहोत. पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास हीच कागदपत्रे ग्राहक तक्रार यंत्रणेकडे देण्यात येतील.

कळावे.

आपले,
दुरुस्ती संच घेतलेले ग्राहक
(सोबत : बिलाची प्रत, मापांचे फोटो, चार सदोष भाग, माहितीपत्रकाची प्रत)