‘स्मृतिभ्रंश’ या शब्दाने आम्हाला चकवले

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घरातून निघून गेलेल्या आजोबांची बातमी आपल्या अंकात वाचली. मथळ्यात ‘म्हातारचळ’ आणि खाली मजकुरात ‘स्मृतिभ्रंश’, एकाच आजाराला असे दोन शब्द वापरले आहेत. या दोन शब्दांपायी आमच्या घराची दोन वर्षे गेली, म्हणून लिहिते आहे.

माझे वडील एसटीत कंडक्टर होते. ते ६२ वर्षांचे असताना माझे काका वारले. दहाव्याला घाटावर पिंड ठेवले होते, कावळा शिवत नव्हता, सगळे गप्प उभे होते. तेवढ्यात वडिलांनी मोठ्याने विचारले, “जिलबी कधी वाढणार?” काकू रडत होती, तिच्याकडे बघून ते चक्क हसले. या भावाचे शिक्षण वडिलांनीच आपल्या पगारातून केले होते! पुढे गोडाचा हव्यास वाढला, अंघोळ नकोशी झाली, नातवावर हात उगारू लागले. गावाने ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून सोडून दिले. आम्हीही म्हातारचळ म्हणालो, आणि म्हातारचळासाठी डॉक्टरकडे कोण जाते?

एका नातेवाइकांनी ‘स्मृतिभ्रंश तर नसेल?’ असे विचारले होते. मीच ते उडवून लावले, कारण वडिलांची आठवण खणखणीत होती. सातारा, मेढा, केळघर, महाबळेश्वर हा मार्ग ते मधल्या एकेका थांब्यासह, जुन्या भाड्यांसकट म्हणून दाखवत. अशा माणसाला स्मृतिभ्रंश कसा असेल?

अखेर मेंदूच्या डॉक्टरांनी एमआरआय काढला. मेंदूचा कपाळामागचा भाग आक्रसला होता. हा फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया, म्हणजे मराठीत ज्याला ‘स्मृतिभ्रंश’ म्हणतात त्या डिमेन्शियाचाच एक प्रकार. यात बहुधा आधी वागणे किंवा बोलणे बिघडते, विसरणे पुष्कळदा मागाहून येते. या गटातल्या आजाराचे वर्णन प्रागच्या अर्नोल्ड पिक यांनी १८९२ मध्येच केले होते.

तेव्हापासून मी या शब्दाच्या मागे लागले आहे. भ्रंश म्हणजे घसरणे, ढळणे; ‘अपभ्रंश’मधला तोच. ‘स्मृतिभ्रंश’ गीतेच्या दुसऱ्या अध्यायात ६३व्या श्लोकात आहे: क्रोधातून संमोह, त्यातून स्मृतीचा भ्रम, आणि ‘स्मृतिभ्रंशाद् बुद्धिनाशो’. तिथे तो आजार नाही, रागाने विवेक सुटत जाण्याची पायरी आहे. (आमच्याकडे उलटे होते. राग हा आजाराचा परिणाम होता, आणि आम्ही त्यालाच कारण समजून वडिलांना बोल लावत होतो.) ‘डिमेन्शिया’ लॅटिनमधून आला. ‘डे’ म्हणजे पासून दूर, ‘मेन्स’ म्हणजे मन. हे ‘मेन्स’ आणि आपले ‘मनस्’ एकाच मुळाचे. त्या शब्दात स्मृती कुठेच नाही! मन ढळण्याच्या आजाराला आपण फक्त आठवणीचे नाव दिले, आणि ज्याची आठवण शाबूत तो निरोगी असे घरोघरी समजले जाते.

शब्द बदलता येतात. जपानमध्ये या आजाराला ‘चिहो’ म्हणत, त्यात खुळेपणाचा अर्थ होता. २००४ मध्ये तिथल्या सरकारने तो शब्द सोडून ‘निन्चिशो’ हा घेतला, म्हणजे आकलनाचा विकार. मराठीत चांगला शब्द जाणकारांनी घडवावा. ‘बुद्धिभ्रंश’ सुचतो, पण तो आपण भांडणात एकमेकांवर इतका फेकला आहे की रुग्णाला लावायला धजत नाही. तोवर ‘डिमेन्शिया’च छापा, आणि वागण्यातला बदल हेही त्याचे लक्षण असू शकते, एवढे एक वाक्य सोबत द्या.

आजार बरा होणारा नाही, हे डॉक्टरांनी आम्हाला स्पष्ट सांगितले. तरी निदान झाल्यावर मी पहिल्यांदा काकूकडे गेले. त्या दहाव्यापासून तिने आमच्या घरात पाऊल टाकले नव्हते. एमआरआयचा कागद तिला काय कळणार, पण ती तो हातात धरून बराच वेळ बसली आणि दुसऱ्या दिवशी वडिलांसाठी जिलबी घेऊन आली.

‘म्हातारचळ’ मात्र मथळ्यातून कायमचा काढा, ही विनंती. त्या हरवलेल्या आजोबांची मुलेही आपलाच अंक वाचत असतील.

आपली,
एक वाचक, सातारा