वर्गावर कोण राहणार, ते आदेशातच लिहा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

शिक्षकांची पदं कमी होणं आणि पात्रता परीक्षेची सक्ती या विरोधात ५ डिसेंबर २०२५ ला राज्यभर शिक्षकांनी शाळा बंद ठेवल्या. तेव्हापासून पेपरात आणि गावात दोनच बाजू ऐकू येतात. एक म्हणते, शिक्षकांवर अन्याय होतोय. दुसरी म्हणते, एवढा पगार घेऊन पुन्हा मोर्चे कसले काढता. मी शिक्षक नाही, माझ्या सासरी-माहेरी कुणी शिक्षक नाही. आमची द्राक्षाची बाग आहे. मुलगी चौथीत आणि मुलगा दुसरीत, दोघं गावातल्या जिल्हा परिषद शाळेत जातात आणि त्या शाळेच्या व्यवस्थापन समितीची मी अध्यक्ष आहे. या वादात मुलांच्या वाट्याला काय येतं, तेवढंच मला मांडायचं आहे.

आमची शाळा पहिली ते चौथी. वर्ग चार, शिक्षक दोन, एक सर आणि एक मॅडम. पट साठच्या आत आहे आणि शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे साठ मुलांपर्यंत दोनच शिक्षक मिळतात, त्यामुळे कागदावर आमची काही तक्रार उरत नाही. पण तोच कायदा म्हणतो की पहिली ते पाचवीच्या मुलांना वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन मिळालं पाहिजे. आता चार वर्ग दोघांत वाटले तर सर पहिलीला शिकवतात तेव्हा दुसरीची मुलं फळ्यावरचं उतरवून घेत बसतात. म्हणजे माझ्या मुलासमोर शिक्षक प्रत्यक्ष उभा राहून शिकवतोय असे तास ८०० चे ४०० झाले. हे झालं दोघांपैकी कुणीही वर्षभर शाळेबाहेर पाऊल टाकलं नाही तर. एक जण बाहेर गेला की चारही वर्ग एकाच खोलीत येतात आणि त्या दिवसापुरता मुलाचा वाटा पुन्हा निम्मा होतो.

कोण किती बाहेर जातं, हे कुणाच्या तोंडून ऐकायची गरज नाही. प्रत्येक शाळेत हालचाल रजिस्टर असतं, शिक्षक कामासाठी बाहेर गेला की त्यात नोंद होते. आम्ही समितीच्या मासिक सभेत ते मागवलं आणि सगळ्यांसमोर वाचलं. 'तहसील कार्यालय, मतदार यादी.' 'केंद्रशाळा, यू-डायस दुरुस्ती.' 'बँक, पोषण आहार खाते.' 'पंचायत समिती, आधार व अपार.' 'निवडणूक प्रशिक्षण.' मग पुन्हा 'तहसील कार्यालय'. (केंद्रशाळा म्हणजे आसपासच्या शाळांची मुख्य शाळा, यू-डायस म्हणजे शाळेची सरकारी ऑनलाइन माहिती आणि अपार म्हणजे प्रत्येक मुलाचा विद्यार्थी क्रमांक.) जाण्याची वेळ नीट लिहिलेली आहे, परतीचा रकाना बऱ्याच ठिकाणी कोरा, कारण परतेपर्यंत शाळा सुटून गेलेली असते. आमच्या समितीतल्या एका आजींना वाचता येत नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, 'मग त्या दिवशी पोरं काय करत होती?' त्या प्रश्नासाठी रजिस्टरात रकाना नाही.

शाळेत बसून जे करावं लागतं, ते तर रजिस्टरात येतच नाही. सकाळी तांदूळ-डाळ मोजून द्यायची, साठा लिहायचा, किती मुलं जेवली ते ॲपवर टाकायचं. हजेरी कागदावर घ्यायची आणि ऑनलाइनही भरायची. आधारवर मुलाचं नाव एका स्पेलिंगने, शाळेत दुसऱ्या स्पेलिंगने, त्यामुळे अपार क्रमांक तयार होत नाही. मग पालकांना गाठा, कागद गोळा करा. झाड लावलं, फोटो टाका. दिन साजरा केला, फोटो टाका, लिंक भरा. व्हॉट्सॲपवर निरोप येतात, 'अत्यंत तातडीचे, आज ४ वाजेपर्यंत'. आमच्या शाळेच्या खोल्यांत रेंज येत नाही. मॅडम मोबाइल घेऊन बाहेर पाण्याच्या टाकीपाशी उभ्या असतात आणि आत मुलांचा गोंगाट चाललेला असतो. रस्त्याने जाणाऱ्या माणसाला वाटतं, मॅडम मोबाइल बघत बसल्या आहेत. मी स्वतः गावातल्या लोकांना हे समजावून सांगितलं आहे.

एक गोष्ट मात्र शिक्षकाशिवाय दुसरं कुणी करू शकत नाही, आणि ती आमच्या भागात फार महत्त्वाची आहे. छाटणी सुरू झाली की सुरगाणा, पेठकडची कुटुंबं दिंडोरी-निफाडच्या बागांवर कामाला येतात. काही छाटणीपुरती, काही थेट माल निघेपर्यंत. बागेच्या कडेला झोपडी टाकतात, मुलं सोबत असतात. घरी कोकणा बोली, त्यामुळे पुस्तकातली मराठीसुद्धा त्या मुलांना शिकावीच लागते. यंदा पावसाने बागांना घड कमी आले, तरी आमच्याकडे एक कुटुंब आलंच. त्यांची आठ वर्षांची मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन दिवसभर बांधावर बसायची. मॅडम शाळा सुटल्यावर आमच्या बागेत आल्या, तिच्या आईशी बोलल्या, 'त्यालाही घेऊन ये, अंगणवाडीत बसेल' म्हणाल्या. स्थलांतरित मुलाला दुसऱ्या गावच्या शाळेत बसता यावं म्हणून शिक्षण हमी कार्ड देतात, ते तिच्या गावाकडच्या शाळेतून आलेलं नव्हतं, तरी तिला वर्गात बसवून घेतलं. दोन आठवड्यांत ती स्वतःचं नाव लिहायला लागली. बागेतल्या मातीत काडीने लिहून तिने मला दाखवलं. मग मतदार यादी आणि निवडणुकीच्या कामांत मॅडम अडकल्या. चार वर्ग सरांकडे आले, अंगणवाडीत भाऊ रडला की तिला कुणी समजावणारं उरलं नाही आणि ती पुन्हा बांधावर बसायला लागली. मी सांगून पाहिलं. ती माझ्याकडे नुसतं बघते. मॅडमचं ती ऐकते.

मतदार यादी दुरुस्त करायला, नावं तपासायला, ऑनलाइन माहिती भरायला दुसरी माणसं मिळतील. त्या मुलीला वर्गात आणणारं माणूस सरकारने आधीच नेमलेलं आहे, त्याला पगारही सरकार देतं आणि त्यालाच तिथून उचलून नेतं. मला हे पटत नाही आणि कधी पटणार नाही.

कायदा याबाबत अगदी स्पष्ट आहे. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ म्हणतं की दहा वर्षांनी होणारी जनगणना, आपत्तीतलं मदतकार्य आणि निवडणुकीची कामं सोडून शिक्षकाला दुसऱ्या अशैक्षणिक कामाला लावता येणार नाही. मतदार यादीच्या कामाबाबत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००७ मध्येच सांगितलंय की असं काम शिक्षकांना सुट्टीच्या आणि शिकवणी नसलेल्या दिवशी द्यावं, शिकवण्याच्या वेळेत सहसा देऊ नये. आपल्या शासनानेही ऑगस्ट २०२४ मध्ये निर्णय काढून शैक्षणिक कामं कोणती आणि अशैक्षणिक कोणती, याची वर्गवारी केली. ती वाचून आम्हाला बरं वाटलं होतं. पण तोंडी आदेश आणि व्हॉट्सॲपचे निरोप त्या वर्गवारीत बसत नाहीत, ते येतच राहतात. आणि एकट्या शिक्षकाने 'हे माझं काम नाही' म्हटलं तर नोटीस त्याच्याच नावाने निघते.

आता राजकारणाकडे येते. २०२५ च्या एप्रिलमध्ये पहिलीपासून तिसरी भाषा आणणारा निर्णय निघाला, जूनमध्ये त्यात बदल झाला, मोठा वाद पेटला आणि २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेतले गेले. मराठीच्या बाजूने लोक बोलले याचा मला आनंद आहे. पण त्या सगळ्या भाषणांत, बाजूने आणि विरोधात, दोन शिक्षकांच्या शाळेत ती तिसरी भाषा शिकवणार कोण आणि कोणत्या तासाला, हे विचारलेलं मी फारसं ऐकलं नाही. त्याआधी २०२२ मध्ये आमदार प्रशांत बंब यांनी विधानसभेत मुख्यालयी न राहणाऱ्या शिक्षकांच्या घरभाडे भत्त्याचा विषय काढला, तेव्हाही राज्यभर खडाजंगी झाली. शिक्षक गावात राहावा असं मलाही वाटतं, कारण संध्याकाळी बागेवर येणारा शिक्षक गावात किंवा जवळ राहणाराच असतो. पण शिक्षक रात्री कुठे झोपतो यावर जेवढं बोललं गेलं, त्याच्या निम्मं तरी तो सकाळी ११ वाजता कुठे असतो यावर बोलायला हवं होतं.

आमच्या जिल्ह्यात आणखी एक होतं. त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या हिवाळीच्या शाळेचं उदाहरण दिलं जातं. वर्षाचे ३६५ दिवस, रोज बारा तास चालणारी शाळा, दोन्ही हातांनी लिहिणारी मुलं. त्या शाळेबद्दल मला मनापासून आदर आहे. पण 'ते करतात, तुम्ही का नाही' असं जेव्हा कुणी बैठकीत बसून म्हणतं, तेव्हा विचारावंसं वाटतं की तिथल्या एका शिक्षकाने आपलं सगळं आयुष्य दिलं म्हणून बाकी शाळांचे तास काढून घ्यायचे का? साध्या, प्रामाणिक, घरसंसार असलेल्या शिक्षकाकडूनही मुलं वाचायला शिकली पाहिजेत, अशी व्यवस्था हवी.

दुसरीकडे लहान शाळांवर टांगती तलवार आहेच. २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या सुमारे पंधरा हजार शाळा एकत्र करून समूह शाळा काढायचा विचार सुरू झाला. १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवण्याच्या, निर्णयाने वरच्या वर्गांचे शिक्षक जातील, ही शिक्षक संघटनांची मुख्य तक्रार आहे आणि मला ती खरी वाटते. आमची मुलं पाचवीपासून शेजारच्या गावात जातात, तिथला शिक्षक गेला तर मुली घरी बसतील. शाळा काढून घेतली की काय होतं हे नाशिकने पाहिलं आहे. २०२२ मध्ये इगतपुरी तालुक्यातल्या दरेवाडीची मुलं शेळ्या घेऊन जिल्हा परिषदेवर आली होती, 'दप्तर घ्या, बकऱ्या द्या' म्हणत.

शिक्षकांच्या सगळ्याच मागण्या मला पटतात असं नाही. सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ ला निकाल दिला की सेवेची पाच वर्षांहून जास्त वर्षं उरलेल्या शिक्षकांनी दोन वर्षांत पात्रता परीक्षा उत्तीर्ण व्हावी. वीस-पंचवीस वर्षं शिकवलेल्या माणसाला हे जड जातंय, ते मला दिसतं. तरी माझ्या मुलांना शिकवणाऱ्याने परीक्षा द्यावी यात मला गैर वाटत नाही. त्याला अभ्यासाला वेळ मात्र द्या. आणि तास परत मिळाले की मी शिक्षकांनाही विचारणार आहे, तिसरीतल्या मुलाला धडा का वाचता येत नाही. आज विचारायला गेले तर ते रजिस्टर पुढे करतात, आणि मला गप्प बसावं लागतं.

माझी मागणी एकच आहे. शिक्षकाला वर्गाबाहेर काढणारा प्रत्येक आदेश लेखी असावा आणि त्या दिवशी त्याच्या वर्गावर कोण राहणार त्याचं नाव त्याच आदेशात असावं. नाव नसेल तर तो आदेश शाळेने पाळू नये, आणि तसं केल्याबद्दल शिक्षकावर कारवाई होऊ नये. यात कुणाचं काम अडत नाही. तहसीलला माणूस हवाच असेल तर पर्यायी माणसाची तजवीज तहसीलने करावी. ऑनलाइन माहितीसाठी तालुक्याला गट साधन केंद्र आहे, तशी प्रत्येक केंद्रशाळेत एक माहिती भरणारी व्यक्ती नेमावी. आमच्या भागात संगणक शिकून घरी बसलेल्या मुली कितीतरी आहेत.

हे आत्ताच व्हायला हवं. २०२६ मध्ये जनगणनेची घरयादी आणि फेब्रुवारी २०२७ मध्ये प्रत्यक्ष गणना आहे, ती कायद्यानेच शिक्षकांकडे येऊ शकते. ३१ ऑक्टोबर २०२६ ला नाशिकच्या सिंहस्थ कुंभमेळ्याचं ध्वजारोहण आहे. सिंहस्थाचं काम कलम २७ मध्ये बसत नाही, त्यामुळे त्यासाठी एकाही शाळेचा शिक्षक घेणार नाही, असं जिल्हा प्रशासनाने आजच जाहीर करावं. शिक्षणमंत्री दादा भुसे आपल्याच जिल्ह्याचे, मालेगावचे आहेत. द्राक्षाचा हंगाम, स्थलांतर, दोन शिक्षकी शाळा हे त्यांना समजावून सांगावं लागणार नाही. दुसऱ्या कुणाकडे जायचं तर नाशिक जिल्हा परिषदेवर मार्च २०२२ पासून प्रशासक आहे. शिक्षण सभापती नाही, गटातला सदस्य नाही. झेडपीची निवडणूक लागेल तेव्हा मत मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला आमच्या गावातल्या बायका हाच प्रश्न विचारणार आहेत, पक्ष कोणताही असो.

इतर गावांतल्या समित्यांना एक सांगायचं आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ ने शाळेच्या कामकाजावर देखरेख ठेवायचा अधिकार आपल्याला दिला आहे. केंद्राच्या २०१० च्या नियमांत तर शिक्षकांवर कलम २७ बाहेरच्या कामांचा भार पडत नाही ना, हे पाहणं समितीचंच काम म्हणून लिहिलेलं आहे. मासिक सभेत हालचाल रजिस्टर मागून घ्या, मोठ्याने वाचा, त्यातल्या नोंदी ठरावात उतरवा आणि ठराव गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे देऊन पोच घ्या. आम्ही मागच्या सभेत तसं केलं आहे. पोच फाइलला लावली आहे, उत्तर आलं की तेही कळवीन.

आपली,
शाळा व्यवस्थापन समितीची अध्यक्ष व पालक,
ता. दिंडोरी, जि. नाशिक