नाव न सांगता हातभार लावणाऱ्यांचे आभार

बाराव्या पंचवार्षिक योजनेची मुदत ३१ मार्च २०१७ रोजी संपली आणि पाठोपाठ आमच्या स्त्री अभ्यास केंद्राचे सरकारी अनुदानही थांबले, तेव्हा १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेल्या स्त्रियांच्या मुलाखतींच्या कॅसेटींना बुरशी धरू लागली होती. त्या एकेक उघडून, पुसून, संगणकावर उतरवून देणाऱ्या गृहस्थांनी चहाखेरीज काही घेतले नाही. संशोधन सहायकांचे मानधन अडू नये म्हणून बंद पाकिटे ठेवून जाणाऱ्यांचे (पावतीवर ‘एक हितचिंतक’ लिहिताना आमच्या हिशेबनिसांची पंचाईत होई, ते वेगळेच) आणि सुट्टीच्या दिवशीही ग्रंथालय उघडे ठेवणाऱ्या माजी विद्यार्थिनींचे केंद्र मनःपूर्वक आभारी आहे. नावे छापू नयेत, ही सर्वांची अट आम्ही नाइलाजाने पाळत आहोत.