लालबागच्या बाकावरून

मांजलपूर, बडोदा
रविवार, पहाटे

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

मांजलपूरहून दांडिया बाजारात पत्र पाठवणारी बडोद्यात मी बहुधा एकटीच असेन. रिक्षाने वीस मिनिटं लागतात. पण मागच्या रविवारी अंदमानला जाऊन डाइव्ह करायचा, म्हणजे पाठीला हवेची टाकी लावून समुद्रात उतरायचा, आमचा विषय निघाला तेव्हा आई, तू लाटणं खाली ठेवून म्हणालीस, "अडीच वर्षांची पोरं किनाऱ्यावर टाकून आईबाप समुद्राच्या तळाशी?" मी ताडकन काहीतरी बोलले, जावईबापू चहाचा कप घेऊन गॅलरीत सटकले आणि विषय तिथेच राहिला. तोंडी बोलायला गेलं की आपलं भांडण होतं, म्हणून लिहिते. पोरं उठायच्या आत संपवायचंय.

बाबा, "आठ दिवस आमच्याकडे ठेवून जा" हे तुम्ही मनापासून म्हणालात, पण ते नको. तिसरा मजला, लिफ्ट नाही, आईचा गुडघा, आणि जुळी. एक जिन्याकडे पळतो तेव्हा दुसरी मोरीत असते. तुम्ही कराल, तक्रारही करणार नाही, आणि मी आल्यावर आई महिनाभर शेकत बसेल. पाळणाघरातल्या मावशींना, आपल्या इथल्या भाषेत घोडियाघरवाल्या बेनना, बरोबर येता का विचारलं. तिकीट, वेगळी खोली, रोजचे पैसे, सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "बेन, दरियो जोईने मने चक्कर आवे." विषय संपला. तिथल्या एका हॉटेलात फोन केला. मुलं सांभाळायला कोणी मिळेल का? "होईल मॅडम, सगळं होईल." खोदून विचारलं तेव्हा कळलं की खोल्या झाडणाऱ्या मुलींपैकी जी मोकळी असेल ती येणार. रोज तीच येईल का, तिने लहान मुलं सांभाळलीत का, तिला पोहता येतं का, एकाचंही धड उत्तर नाही. ज्या माणसाला मी पाहिलेलं नाही, त्याच्या हाती समुद्रकाठी ही दोघं मी देणार नाही. एवढा विश्वास माझ्यावर ठेव, आई.

तर आमचं असं ठरलंय. तुम्ही दोघं आमच्याबरोबरच यायचं. डाइव्हची होडी सकाळी सातच्या सुमारास निघते, दोन डाइव्ह होतात, मधे तासभर वर विश्रांती, आणि दुपारच्या जेवणाला माणूस परत. एक दिवस मी जाणार, जावईबापू पोरांजवळ. दुसऱ्या दिवशी ते, मी पोरांजवळ. पाण्याखाली जोडीदार लागतोच, पण तो नवराच असावा असा नियम नाही, होडीवरचा प्रशिक्षक किंवा दुसरा कोणी चालतो. म्हणजे एका वेळी एकच पालक खाली, दुसरा पोरांच्या मागे वाळूत. तुझी भीती होती ना, दोघं एकदम गेले आणि काही झालं तर? तीच भीती मलाही आहे.

आणि यातलं काहीही पोरांच्या नाकाने बिघडू शकतं. दहा मीटरवर दाब वरच्यापेक्षा दुप्पट होतो, सर्दी असेल तर कानातला दाब सारखा करता येत नाही, आणि मग उतरायचं नसतं. पाळणाघरातली सर्दी घरात कशी फिरते ते तुम्ही बघताच. चार दिवसांत दोन सकाळी मिळाल्या तरी मी देवाला नारळ फोडीन. पोरांना एवढ्यात पाण्याखाली नेणार नाही, ही शंकाही काढून टाका. समुद्रात डाइव्ह शिकायला निदान दहा वर्षं पूर्ण लागतात. आणि बाबा, तुम्हालाही उतरता येईल का, हा तुमचा चोरटा प्रश्न मी विसरले नाही. तिथे तब्येतीचा फॉर्म भरावा लागतो. बीपीच्या गोळ्या म्हटलं की डॉक्टरांची सही आल्याशिवाय कोणी टाकी पाठीला लावत नाही. शिवाय आई आहेच.

हॅव्हलॉक बेटावर, म्हणजे 2018 पासून स्वराज द्वीप, जायला पोर्ट ब्लेअरहून (2024 पासून श्री विजयपुरम) बोटीने दोनेक तास लागतात. आईची उलटीची गोळी मी घेते. घड्याळ आपलंच, पण सूर्य आपल्यापेक्षा सव्वा तास आधीचा. जानेवारीत पाच-सव्वापाचलाच अंधारायला लागतं. पोरं साडेसहाला झोपतील आणि पहाटे कोंबड्याआधी उठतील, तयारी ठेवा. वाळूत बारीक माश्या चावतात, लांब पायजमे आणि खोबरेल लागेल. अंदमानच्या पाण्यात मगरी आहेत, हेही लपवत नाही. कोणी ना कोणी व्हॉट्सअॅपवर पाठवेलच. जीवरक्षक असतील आणि ते हो म्हणतील तिथेच पोरांचे पाय भिजतील.

खरी भीती मला मगरीची नाहीच. या वयाचं मूल घोटाभर पाण्यातही बुडतं, आणि बुडताना ओरडत नाही. म्हणून आमचा एकच कडक नियम: पोरांवर नजर एकाची, त्याच्या हातात फोन नाही, आणि दुसऱ्याकडे सोपवताना मोठ्याने म्हणायचं, "आता तुझ्याकडे." समोरच्याने "हो" म्हटल्याशिवाय उठायचं नाही. चार मोठी माणसं असली की प्रत्येकाला वाटतं दुसरा बघतोय. आपल्या घरी गणपतीत हे दरवर्षी होतं.

आता तुमचं काम. फक्त एक सकाळ, आणि तीही पाऊण-एक तास. तिथे एका जागी किनाऱ्यावरूनच पाण्यात चालत जाऊन डाइव्ह करता येतो. लग्नानंतर आम्ही दोघं एकत्र खाली गेलो ते एकदाच, मग जुळी आली. तेवढ्या तासापुरता आमचा नियम मोडून आम्ही दोघं एकत्र उतरू, तुम्ही दोघं सावलीत बसायचं, पोरं कमरेच्या पट्ट्याला बांधून ठेवलीत तरी माझी हरकत नाही. बाकी दिवस तुम्ही आमचे पाहुणे.

बाबा, तुमच्यासाठी एक लालूच. डाइव्हनंतर अंगात नायट्रोजन विरघळलेला असतो, म्हणून शेवटच्या डाइव्हनंतर निदान 18 तास विमानात बसायचं नाही. तो पूर्ण दिवस पोर्ट ब्लेअरला, सेल्युलर जेलमध्ये. सावरकरांची कोठडी बघायची राहिली, हे तुम्ही मी शाळेत असल्यापासून म्हणताय. सात भुजांपैकी तीनच उरल्यात, पण त्यांची कोठडी आहे. पोरं तिथे रडतील, आम्ही बाहेर फिरवू. तुम्ही हवा तेवढा वेळ घ्या.

आई, तुझ्याबद्दल मात्र मला वेगळंच लिहायचंय. लालबागच्या हौदावर बाबा आम्हाला पोहायला शिकवायचे तेव्हा तू काठावरच्या बाकावर असायचीस. मांडीवर दोन टॉवेल, हातात बाबांचं घड्याळ, पिशवीत पारलेचा पुडा. उन्हाळ्याच्या सगळ्या सुट्या. मी पाण्यातून बोट वर करून दाखवायचे, तू मान हलवायचीस. तुला उतरायचं होतं का, हे आम्हा तिघांपैकी एकानेही कधी विचारलं नाही. मला हे सुचलं ते डाइव्हचा कोर्स करताना, अठरा मीटर खाली, जिथे बोलताच येत नाही. वर आल्यावर पोटात कसंसं झालं आणि मी सगळ्यांना सांगितलं की खारं पाणी गेलं.

म्हणून तिथे मी पुन्हा तुला टॉवेल देऊन बाकावर बसवणार नाही. कमरेएवढ्या पाण्यात, काच लावून, माझा हात धरून नुसतं तोंड आत घालायचं. खाली मासे दिसतात. नको वाटलं तर नको, मी आग्रह करणार नाही. पण यावेळी विचारते आहे.

जहाजाच्या तिकिटांना ओळखपत्र लागतं, दोघांच्या आधार कार्डांचे फोटो पाठवा. बाबा, पुढची आणि मागची, दोन्ही बाजू.

उठली दोघं. गुरुवारी संध्याकाळी येते. लिलो चेवडा आणून ठेवू नका, मागचा डबा अजून उघडलेला नाही.

तुमची,
बेबी