उसंत हीसुद्धा आखता येते

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मोबाइलच्या अतिवापराची चर्चा बहुतेक वेळा वापरणाऱ्याच्या मनोनिग्रहावर येऊन थांबते. बटण कुठे असावे आणि ते दाबल्यावर काय व्हावे, हे ठरवणाऱ्यांविषयी क्वचितच कोणी बोलते. लार्स हॉलनेस आणि योहान रेडस्ट्रॉम या स्वीडनमधल्या संशोधकांनी ‘स्लो टेक्नॉलॉजी’ ही, म्हणजे वापरणाऱ्याला थांबून विचार करायला उसंत देणाऱ्या संथ तंत्रज्ञानाची कल्पना २००१ मध्येच मांडली होती. रोजच्या ॲपमध्ये ती अजूनही अभावानेच दिसते.

संथ म्हणजे अडखळणारे ॲप नव्हे. बोट टेकल्यावर साधारण ०.१ सेकंदात काही हलले, तरच प्रतिसाद तत्काळ वाटतो. म्हणून बटण लगेच दबलेले दिसावे आणि विलंब असावा तो परिणामाला. हा भेद पाळला नाही की माणूस पुन्हा पुन्हा बटण दाबतो आणि एकच निरोप दोनदा जातो. त्यासाठी प्रत्येक निरोपाला फोनवरच क्रमांक द्यावा, तोच क्रमांक पुन्हा आला तर सर्व्हरने तो टाकून द्यावा.

सर्वांत जास्त चुकते ते ‘नक्की पाठवायचे?’ या चौकटीत. चार दिवसांत बोटाला तिची सवय होते आणि मजकूर न वाचताच ‘होय’ दाबले जाते. त्यापेक्षा निरोप रांगेत धरून ठेवणे बरे. जीमेलमध्ये पाठवलेला मेल मागे घेण्यासाठी ५, १०, २० किंवा ३० सेकंदांची मुदत निवडता येते. ही रांग सर्व्हरवर हवी. फोनवर ठेवली आणि मध्येच ॲप बंद झाले, तर निरोप तिथेच अडकतो. मुदतीच्या काळात पूर्ण मजकूर निराळ्या अक्षरवळणात, निराळ्या रुंदीत दाखवावा आणि वर पाठवायच्या व्यक्तीचे नाव ठळक असावे. आपण नुकतेच टंकलेले आपल्याला त्याच मांडणीत नीट दिसत नाही. ओळी वेगळ्या ठिकाणी तुटल्या की चूक डोळ्यांत भरते. उलटी मोजणी करणारी पट्टी मात्र नको, नजर तिच्यावरच खिळते. पडदा वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना ५ सेकंद पुरत नाहीत, म्हणून मुदत बदलता आलीच पाहिजे.

अडथळा प्रत्येक वेळी नको, नेमक्या जागी हवा. पाच किंवा अधिक हातांतून आलेला निरोप एका वेळी एकाच चॅटला पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा व्हॉट्सॲपने एप्रिल २०२० मध्ये घातली; असे निरोप पाठवण्याचे प्रमाण ७० टक्क्यांनी घटल्याचे कंपनीने सांगितले. न उघडलेला लेख पुढे पाठवताना ‘आधी वाचायचा का?’ असे ट्विटरने त्याच वर्षी विचारायला सुरुवात केली, तेव्हा लेख उघडण्याचे प्रमाण ४० टक्क्यांनी वाढले, हाही आकडा कंपनीचाच. आपत्कालीन कॉलच्या आड असा थांबा कधीही येता कामा नये. आणि वर्गणी रद्द करताना पाच पाने ओलांडायला लावणे म्हणजे उसंत नव्हे, ती अडवणूक आहे.

ॲपच्या सूचना (नोटिफिकेशन) दिवसातून दोन-तीनदा एकत्र देणे चांगलेच, पण माणसांचे निरोप आणि जाहिराती एकाच गठ्ठ्यात बांधल्या की लोक काही निसटू नये म्हणून ॲप स्वतःच उघडून पाहू लागतात. हे दोन गठ्ठे वेगळे हवेत.

संशोधक विल्यम ओडम आणि सहकाऱ्यांचा ‘फोटोबॉक्स’ मला या सगळ्यात अधिक मोलाचा वाटतो. ओकच्या लाकडाच्या पेटीत छपाईयंत्र. मालकाच्या ऑनलाइन संग्रहातली चार-पाच छायाचित्रे महिनाभरात कधीतरी, आपोआप छापली जातात. कोणते आणि केव्हा, हे मालकाच्या हाती नाही. तीन घरांत ही पेटी १४ महिने ठेवली होती. सुरुवातीला लोक वैतागले, पुढे तिच्या गतीशी जुळले. दोन आठवड्यांच्या चाचणीत हीच वस्तू नापास झाली असती! नव्या ॲपच्या चाचण्या इतक्याच घाईने आटोपल्या, तर संथ रचना त्यांत टिकणार कशी?

ॲपवर घालवलेली मिनिटे मोजणे इथे निरुपयोगी आहे. थांब्याच्या मुदतीत किती निरोप दुरुस्त झाले, किती मागे घेतले गेले, हे काही महिने मोजावे. जिथे हा आकडा शून्याजवळच राहतो, तिथला थांबा काढून टाकावा.

आपला,
इंटरफेस डिझाइन क्षेत्रातील एक वाचक