‘मेसेज गेलाय’ एवढ्यावर थांबू नये

महोदय,

गेल्या महिन्यात माझ्या आईची डायलिसिसची पाळी दुपारऐवजी सकाळी सात वाजता ठरली. डायलिसिस केंद्राने तसा निरोप व्हॉट्सॲपवर पाठवला होता, परंतु नोंदवलेला क्रमांक आईच्या साध्या, बटणांच्या फोनचा असल्याने तो तिला मिळालाच नाही. दुपारी आम्ही ऐरोलीहून तिथे पोहोचलो तेव्हा पाळी निघून गेली होती. खिडकीवरच्या कर्मचाऱ्याने ‘मेसेज गेलाय’ असे सांगितले. त्याला दोष देता येणार नाही, कारण त्याच्या संगणकाला तेवढेच ठाऊक होते.

मी महापे येथे सॉफ्टवेअर अभियंता आहे आणि निरोप पाठवणाऱ्या अशाच प्रणालींवर काम करतो, म्हणून हे पत्र. व्हॉट्सॲपसारख्या सेवेने निरोप स्वीकारल्याची पोच तत्काळ येते. तो फोनवर उतरला की नाही, हे नंतर वेगळ्या सूचनेने कळते, आणि पुष्कळ प्रणाली ती दुसरी सूचना वाचतच नाहीत.

वास्तविक निरोप पोहोचल्याची खात्री करण्याचे काम एका मायक्रोसर्व्हिसकडे, म्हणजे एवढे एकच काम करणाऱ्या छोट्या स्वतंत्र प्रोग्रामकडे, सोपवता येते. रुग्णाच्या पाळ्या सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरने तिला कोणाला, काय आणि किती वाजेपर्यंत कळवायचे एवढेच सांगावे. तिने निरोप आधी डेटाबेसमधल्या रांगेत नोंदवावा, व्हॉट्सॲपवर पाठवावा, आणि ठरलेल्या मिनिटांत पोहोचल्याची सूचना न आल्यास एसएमएस, त्यानंतर मराठीतून आपोआप जाणारा फोन, आणि तेही निष्फळ ठरल्यास ते नाव कर्मचाऱ्याच्या यादीत आणावे, म्हणजे माणूस स्वतः फोन करील. क्रमांकच चुकीचा असेल तर पुन्हापुन्हा प्रयत्न न करता लगेच पुढचा मार्ग धरावा. नेटवर्क तात्पुरते बंद असेल तर अंतर वाढवत प्रयत्न करावेत. प्रत्येक निरोपाला स्वतःचा क्रमांक द्यावा, जेणेकरून सर्व्हर मध्येच बंद पडून पुन्हा सुरू झाला तरी तोच निरोप नव्याने रांगेत शिरणार नाही. उशिरा आलेल्या पोचेमुळे एखाद्याला निरोप दोनदा मिळेलही, पण डायलिसिसच्या बाबतीत ते मी आनंदाने पत्करीन.

एसएमएसची तयारी मात्र आधीच करावी लागते. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमांनुसार पाठवणाऱ्याचे नाव आणि मजकुराचा नमुना नोंदवलेला नसेल तर निरोप वाटेतच अडतो. म्हणजे पर्यायी मार्ग नेमका गरजेच्या वेळी बंद. शिवाय इंग्रजी एसएमएसमध्ये १६० अक्षरे मावतात, तर देवनागरीत काना-मात्रा धरून अवघी ७० चिन्हे. मजकूर त्याहून लांबला की एकाहून अधिक एसएमएसचे पैसे पडतात, म्हणून खर्च वाचवण्यासाठी निरोप इंग्रजीत पाठवले जातात, जे माझ्या आईला वाचता येत नाहीत. ‘उद्या डायलिसिस सकाळी ७ वाजता’ हा मजकूर ७० चिन्हांत सहज बसतो.

ठाणे आणि नवी मुंबईतील रुग्णालयांना माझी कळकळीची विनंती आहे की, अशी प्रणाली विकत घेताना तिची चाचणी इंटरनेट नसलेल्या बटणांच्या फोनवर आपल्यासमोर करून घ्यावी आणि तो फोन बंद ठेवल्यावर काय होते, हेही पाहावे.

आपला,
एक वाचक, ऐरोली, नवी मुंबई